रोग्याच्या नावाची सूट

२०२३ साली श्रावण अधिक आला होता. त्या अधिक महिन्यातच आमच्या सौभाग्यवतींना पित्ताशयातील खड्यांचा असह्य त्रास सुरू झाला, आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे ठरले. मी सामान्य कक्षात खाट घेण्याच्या विचारात होतो. परंतु मुलाने आग्रह धरला, आणि चार दिवसांसाठी स्वतंत्र खोली घेतली. ईश्वरकृपेने सारे यथास्थित पार पडले. घरी परतताना हाती आलेले बिल मी सवयीप्रमाणे ओळ न् ओळ वाचले. चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाची ही खोड सहजी जात नाही. त्यात एक ओळ अशी होती: खोलीचे भाडे दररोज ५,५०० रुपये याप्रमाणे चार दिवसांचे २२,००० रुपये, आणि त्यावर ५ टक्के कर १,१०० रुपये.

रक्कम मोठी नव्हती. पण ती ओळ माझ्या मनात काट्यासारखी सलत राहिली. आजाऱ्याच्या खाटेवर कर! राजाने कर घ्यावा, तो प्रजेच्या कल्याणासाठीच सहस्रपटीने परत करावा, हा कालिदासाने दिलीप राजाच्या वर्णनात सांगितलेला आदर्श मी वर्गात किती पिढ्यांना शिकविला असेल याची गणती नाही. त्या आदर्शात रोगशय्येवरील कर कोठे बसतो, हे मला उमगेना.

आमच्या मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीहून खासबागेकडे जाताना एक जुना दवाखाना आहे. तेथील डॉक्टर एकेकाळचे माझे विद्यार्थी. सौभाग्यवतींची विचारपूस करण्यास ते संध्याकाळी घरी आले, तेव्हा मी ते बिल त्यांच्यापुढे ठेवले. ते हसून म्हणाले, "सर, हा कर डॉक्टरांच्या फीवर नाही, शस्त्रक्रियेवर नाही, औषधोपचारावरही नाही. तो तुमच्या पाच हजारांवरच्या खोलीवर आहे. सरकारच्या मते पाच हजारांच्या आत आजार, पाच हजारांच्या वर आराम!"

विनोद म्हणून हे वाक्य ठीक होते. पण ते मला स्वस्थ बसू देईना. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो. वैद्यकावर निरनिराळी राष्ट्रे कर कसा बसवितात याचा मी यथाशक्ति शोध घेऊ लागलो. त्यातून जे हाती आले, आणि त्यातून मला स्वतःला जी लाज वाटली, ते दोन्ही येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम आपल्या देशाची गोष्ट. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतीने केलेल्या उपचारांस त्यातून सूट मिळाली. यात ॲलोपथीबरोबर आयुर्वेद, युनानी, होमिओपथी, सिद्ध, योग आणि निसर्गोपचार हे सारे आले. केस रोपणे किंवा केवळ रूप खुलविण्यासाठी शस्त्रक्रिया करणे यांस मात्र सूट नाही. जन्मजात व्यंग अथवा अपघाताने झालेली विरूपता दूर करावयाची असेल तर आहे. पुढे १८ जुलै २०२२ पासून दररोज ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर ५ टक्के कर आला. अतिदक्षता विभाग त्यातून वगळला. आमच्या बिलातील ओळ ती हीच.

असा प्रयत्न पूर्वीही एकदा झाला होता. २०११च्या अर्थसंकल्पात पंचवीस किंवा अधिक खाटांच्या, मध्यवर्ती वातानुकूलनाची सोय असलेल्या रुग्णालयांच्या सेवेवर कर सुचविला होता; त्याचा प्रत्यक्ष भार ५ टक्के पडणार होता. देशभर ओरड झाली. शस्त्रक्रियेच्या दालनात थंड हवा ही चैन नव्हे, जंतूंपासून रक्षणाचे ते साधन आहे, असे डॉक्टरांनी दाखवून दिले. बंगळूरचे सुप्रसिद्ध हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांनी त्यास दुःखावरील कर असे नाव दिले, आणि महिना उलटण्यापूर्वीच अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी तो मागे घेतला. चैन कोणती आणि गरज कोणती हे थंड हवेवरून ठरेना, म्हणून अकरा वर्षांनी ते भाड्यावरून ठरविले, असेच म्हणावयाचे.

येथवर आलो तेव्हा ध्यानात आले की, या साऱ्याच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे: रोग बरा करणे हा व्यापार आहे काय? चरकाचार्यांनी त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले आहे. जो वैद्य चिकित्सेस विक्रीचा माल समजतो, तो सुवर्णाची रास सोडून धुळीची रास कवटाळतो, असा त्यांच्या वचनाचा आशय आहे. परंतु वैद्यासही पोट असते. कौटिल्याने ते ओळखून नव्या वसाहतीत इतर राजसेवकांबरोबर चिकित्सकालाही जमीन द्यावी, मात्र ती त्याने विकू नये किंवा गहाण टाकू नये, असे सांगितले. देणगी दिली ती त्याने तेथे राहून लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून. ती विकून तो निघून गेला तर देण्याचा हेतूच बुडाला. सवलत आणि तिला जोडलेली अट यांचे इतके सुटसुटीत उदाहरण अर्वाचीन कायद्यांतही क्वचितच आढळेल.

अर्वाचीन न्यायालयांसही हा प्रश्न सुटला नाही. डॉक्टरचा खाजगी दवाखाना हा दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणारे व्यापारी आस्थापन होय काय, असा वाद गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ साली न्यायालयाने सांगितले की, वैयक्तिक विद्या व कौशल्य यांवर चालणारी वृत्ती हा व्यापार नव्हे. पुढे १९९५ साली त्याच न्यायालयाने, पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने सेवा होय, असाही निर्णय दिला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्यच आहेत; पण डॉक्टर हा व्यापारी नसला तरी रोगी हा ग्राहक आहे, अशी चमत्कारिक स्थिती त्यांतून उत्पन्न झाली.

जर्मनीत हाच भेद करात दिसतो. तेथे नगरपालिकांसाठी उद्योग-व्यापारावर एक निराळा कर असतो. स्वतः रोगी तपासणारा डॉक्टर स्वतंत्र वृत्तीचा मानला जात असल्याने तो कर त्याला द्यावा लागत नाही; त्याच रस्त्यावरील दुकानदाराला मात्र द्यावा लागतो. आपल्या महाराष्ट्रात १९७५च्या कायद्याने वृत्ती, व्यापार व नोकरी या सर्वांवर व्यवसाय कर बसविला. १९८८ साली झालेल्या घटनादुरुस्तीनंतर त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये झाली. तिकटीवरचा लहान डॉक्टर आणि मोठा शल्यविशारद हे दोघेही या मर्यादेत सारखेच!

आता प्राप्तिकर पाहा. डॉक्टरचे खरे उत्पन्न किती, हे ठरविणे सर्वच सरकारांना जड गेले आहे. लहान वैद्याने हिशेबाच्या वह्या लिहीत बसावे की नाडी पाहावी? म्हणून २०१६च्या अर्थसंकल्पाने आपल्याकडे एक सोपी वाट काढली. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर तिचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवावा, तपशीलवार वह्यांची गरज नाही. २०२३ पासून, रोखीने घेतलेली रक्कम जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असल्यास, ही मर्यादा ७५ लाख झाली. जपानने हीच युक्ती आपल्या पुष्कळ आधी योजिली होती. तेथे १९५४ सालच्या तरतुदीने, सार्वजनिक आरोग्यविम्यातून डॉक्टरास मिळणाऱ्या रकमेचा ७२ टक्के भाग प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी खर्चच समजला जाई. इतर करदात्यांनी याविरुद्ध कुरकुर केली. डॉक्टर मंडळींनी ती सवलत नेटाने राखली. अखेर १९७९ साली उत्पन्न वाढेल तसतसे ते प्रमाण कमी होईल अशी सुधारणा करावी लागली. तात्पुरती म्हणून दिलेली सूट किती चिवट असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याहून सूक्ष्म एक गोष्ट मला आमच्या डॉक्टरांनी समजाविली, आणि ती प्रत्येक गृहिणीने ध्यानात घेण्याजोगी आहे. सूट म्हणजे कर नाही, असे आपण समजतो. वस्तुतः तसे नाही. रुग्णालय यंत्रे घेते, जंतुनाशके घेते, सफाईची कंत्राटे देते. या सर्वांवर ते कर भरते. कापडाचा व्यापारी आपण भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. रुग्णालयाच्या सेवेवर करच नसल्यामुळे वळता कशातून करणार? तो खर्चात मिळतो, आणि रोग्याच्या बिलात न दिसता शिरतो. दुधात पाणी दिसत नाही. पण मापात ते असतेच.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००० रोजी असा कर सुरू केला, तेव्हा वैद्यकसेवेस कोरडी सूट न देता तिच्यावर शून्य दर ठेवला. त्यामुळे डॉक्टरांनी खरेदीवर भरलेला कर त्यांस परत मिळतो. आपली पुष्कळ मुले ज्या दुबईस नोकरीनिमित्त आहेत, तेथेही २०१८ पासून प्रतिबंधक व मूलभूत उपचारांस हीच रीत आहे. कॅनडात सार्वजनिक रुग्णालयांना केंद्रीय कराचा ८३ टक्के भाग परत दिला जातो. जपानात मात्र आपल्यासारखी निव्वळ सूट आहे. तेथील उपभोग कर १९८९ साली ३ टक्के होता, तो १९९७, २०१४ व २०१९ अशा पायऱ्यांनी १० टक्के झाला, आणि प्रत्येक पायरीस रुग्णालयांच्या माथी हा अदृश्य भार वाढत गेला. विम्याच्या ठरीव दरांत त्याची काही भरपाई घालतात. पण ती पुरत नाही अशी त्यांची तक्रार चालूच राहिली.

युरोपीय संघाने आणखी एक नाजूक रेषा आखली आहे. तेथील न्यायालयाने २००३ साली असे ठरविले की, सूट ही डॉक्टराच्या पदवीला नाही, उपचाराच्या हेतूला आहे. रोग ओळखणे, बरा करणे, टाळणे यांसाठी केलेल्या कामास ती मिळेल. परंतु विमा कंपनीस किंवा न्यायालयास हवे म्हणून दिलेल्या अहवालास मिळणार नाही. हात तोच, लेखणी तीच. पण समोर रोगी नाही म्हणून सूट नाही. हा निर्णय वाचताना मला मोठे समाधान वाटले. सूट डॉक्टराची नसून रोग्याची आहे, हे इतक्या स्वच्छपणे मी अन्यत्र वाचले नव्हते.

आणि हेच सूत्र हाती धरून मी शेवटच्या प्रकरणाकडे वळलो. ते म्हणजे धर्मादाय रुग्णालये.

आपल्या प्राप्तिकराच्या कायद्याने गरिबांस साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांस धर्मादाय हेतू मानले, आणि अशा कार्यासाठी स्थापलेल्या न्यासांस अटींवर करमुक्ती दिली. यामागील भावना उदात्त आहे. आमच्या भागातील जुनी माणसे ज्या इस्पितळांचे नाव आदराने घेत, ते कोल्हापूरचे अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उघडलेले मिरजेचे मिशन इस्पितळ, ही दोन्ही नफ्यासाठी काढलेली नव्हती. परंतु ज्या रुग्णालयात संगमरवरी जिने आहेत, आणि ज्याचा जमाखर्च कोटींच्या घरात आहे, त्यासही न्यासाच्या नावाने करमुक्ती मिळू लागली की प्रश्न उभा राहतो: या मुक्तीचा मोबदला समाजास काय मिळतो?

अमेरिकेने हा प्रश्न तीनदा विचारला. १९५६ साली तेथील कर खात्याने म्हटले की, ज्यांस पैसे देता येत नाहीत त्यांना रुग्णालयाने आपल्या ऐपतीप्रमाणे उपचार दिले पाहिजेत. १९६९ साली ती अट सैल झाली. समाजाचे सर्वसाधारण हित साधले म्हणजे पुरे, असे ठरले. २०१० साली पुन्हा दोरी आवळली. धर्मादाय रुग्णालयाने गरिबांस साहाय्य देण्याचे धोरण लेखी करावे, ते लोकांस कळेल अशा रीतीने जाहीर करावे, आणि एखादा रोगी त्या साहाय्यास पात्र आहे किंवा नाही हे पाहिल्यावाचून त्याच्यावर वसुलीचा दावा लावू नये, असा कायदा झाला. त्याच वर्षी इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्बाना गावातील एका धर्मादाय रुग्णालयाची मालमत्ता करातील सूट नाकारणे योग्य ठरविले. २००२ साली तेथे आलेल्या सुमारे १,१०,००० रोग्यांपैकी केवळ ३०२ जणांस धर्मार्थ उपचार मिळाले होते, हे त्या प्रकरणात पुढे आले.

जर्मनीने निव्वळ अंकगणित मांडले आहे. रुग्णालयाच्या वर्षभरातील रुग्णदिवसांपैकी किमान ४० टक्के दिवस सर्वसामान्य दराने आकारलेले असावेत. तरच त्यास लोकहिताचे म्हणून करसवलत. इंग्लंडात मात्र उलटाच न्याय दिसतो. तेथे धर्मादाय संस्थेच्या खाजगी रुग्णालयास इमारतीवरील स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते; पण १९४८ पासून सर्वांस उपचार पुरविणाऱ्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या रुग्णालयांस ती मिळत नाही. त्यांनी ती मागितली, तेव्हा २०१९ साली न्यायालयाने ती संस्था धर्मादाय नव्हे, असे सांगून नाकारली.

आपल्या महाराष्ट्राने काय केले? मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना मंजूर केली. तीप्रमाणे शासनाची सवलत घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयाने आपल्या १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रोग्यांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या. एकूण बिलांच्या रकमेतून २ टक्के निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करावयाचे. तातडीच्या प्रसंगी अनामत मागावयाची नाही. प्रथम दाखल करून प्राण वाचवावयाचा. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढविली गेली. अलीकडे ती निर्धनांस वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांस ३ लाख ६० हजार अशी होती. यासाठी तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते, आणि मार्ग दाखविण्यास रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असावा लागतो.

हे सारे मी गेल्या दोन वर्षांत वाचले. आणि वाचता वाचता मला आमच्या शाळेच्या जुन्या शिपायाची आठवण झाली.

२०१४ सालची गोष्ट. त्याच्या धाकट्या मुलाच्या हृदयास दोष निघाला. त्यास मोठ्या शहरातील एका रुग्णालयात दाखल केले. तेथे अनामत भरण्यास सांगण्यात आले. शिपाई मजकडे कागद घेऊन आला. "गुरुजी, एवढं वाचून सांगा, आणि हप्त्यानं पैसे देतो म्हणून एक अर्ज लिहून द्या," असे म्हणाला. मी वाचले. कागदाच्या शिरावर संस्थेच्या नावाखाली सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक छापलेला होता. मी तोही वाचला. मग मी शुद्ध, वळणदार अक्षरात अर्ज लिहून दिला, जवळचे थोडे पैसेही दिले, आणि आपण आपले कर्तव्य केले अशा समाधानात राहिलो. हप्त्यांस नकार आला. त्याने बायकोच्या अंगावरचे सोने मोडले, गावाकडची दोन गुंठे जमीन विकली. मुलगा वाचला. जमीन मात्र गेली ती गेलीच.

त्या क्रमांकाचा अर्थ काय, हे मला ठाऊक नव्हते. समासाचा विग्रह करून शब्दाच्या पोटातील अर्थ बाहेर काढावा, असे मी आयुष्यभर मुलांना शिकविले. आणि ज्या एका ओळीत एका गरीब माणसाची दोन गुंठे जमीन दडलेली होती, ती ओळ मी नुसती डोळ्यांखालून घातली. 'तुमच्याकडे राखीव खाट आहे काय?' एवढे एकच वाक्य त्या अर्जात हवे होते. रुग्णालयाने ते आपण होऊन सांगितले नाही, हा त्यांचा दोष आहेच; पण आम्ही शिकलेल्या माणसांनी विचारले नाही, हा आमचा दोष तेवढ्याने कमी होत नाही.

आमच्या घरी विम्यावरील कर माफ झाल्याचा आनंद झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर गेला, आणि बहुतेक औषधांवरील दरही १२चा ५ टक्के झाला. त्या दिवशी मुलाचा पुण्याहून मुद्दाम दूरध्वनी आला. सवलतीची बातमी सुशिक्षित घरात अशी तत्काळ पोहोचते. शिपायाच्या घरी २००६ सालची बातमी २०१४ सालीही पोहोचली नव्हती. आणि तिच्या वाटेवर मधे कोठे तरी माझे घर होते.

म्हणून मी आता एक लहानसा नेम धरला आहे. आपल्या जिल्ह्यातील धर्मादाय रुग्णालयांची यादी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मिळते. ती मी आणली, आणि तिच्यासोबत राखीव खाटांचा नियम, उत्पन्नाची मर्यादा, लागणारे दाखले आणि तक्रार कोठे करावी याची माहिती एका कागदावर सुवाच्य लिहून काढली. त्या कागदाच्या प्रती आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंस, पेठेतील रिक्षावाल्यांस, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेल्या मंडळींस देतो. डॉक्टरांनी एक प्रत भिंतीवर लावली आहे. वाचकांपैकी प्रत्येकाने आपल्या घरी राबणाऱ्या माणसांपुरते एवढे केले, तरी पुष्कळ होईल.

खोलीवरील १,१०० रुपयांबद्दल आता माझ्या मनात किल्मिष उरलेले नाही. ज्याला स्वतंत्र खोली परवडते त्याने थोडे अधिक दिले तर आकाश कोसळत नाही. मात्र ५,००० ही रेषा शहरोशहरी सारखीच असावी काय, याचा विचार व्हावा. खरा प्रश्न कर किती घेतला हा नाही, सोडून दिलेला कर कोणाच्या हाती पडला हा आहे. सरकार रुग्णालयास जी सूट देते, ती रोग्याच्या नावाने दिलेली ठेव आहे. ठेवीचा हिशेब मागणे यात कोणाचा अपमान नाही.

गेल्या दसऱ्यास शिपाई नेहमीप्रमाणे सोने द्यावयास आला. मुलगाही बरोबर होता. आता तो तालुक्याच्या गावी नोकरी करतो. मी मोठ्या कष्टाने त्यास सारे सांगितले, आणि त्या वेळी मला हे ठाऊक असावयास हवे होते, असे म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला. मग आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "तुम्हास्नी ठावं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की, गुरुजी. पोरगं हाय, ते पुरे."

त्याने मला क्षमा केली, हे त्याचे मोठेपण. त्याने जाताना त्या कागदाच्या चार प्रती मागून नेल्या. "गावाकडं लागतील," म्हणाला.